पडलेली फळी उलटी करून बघा: लाकूड काँक्रीटला धरून का राहत नाही?



जुलै महिना, पहाटेची वेळ. नाशिक रोडला जेल रोडवर आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या घरात धाडकन आवाज झाला. देवाची फळी पडली होती. सागवानी फळी, दोन फूट लांब, आठ इंच रुंद, पाऊण इंच जाड. तिच्यावर देव, पितळी समई आणि तेलाची बाटली.

काकू भाड्याने राहतात. भिंतीला भोक पाडायचं नाही, असं घरमालकाने आधीच बजावलेलं. डिपॉझिट त्यांच्याकडे, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. म्हणून त्यांच्या मुलाने मार्चमध्ये गनमध्ये बसवायची 'कन्स्ट्रक्शन अ‍ॅडेसिव्ह'ची नळी आणली आणि फळीची मागची कड थेट कॉलमला चिकटवली. खिळे नकोत, स्क्रू नकोत, असं नळीवर लिहिलेलंच होतं. चार महिने फळी तसूभर हलली नाही. मग एका पहाटे खाली आली. समई तेव्हा लावलेली नव्हती, आणि त्याच फळीखाली रोज अभ्यासाला बसणारी नात झोपलेली होती. नशीब, दुसरं काय!

सकाळी घरात तीन मतं तयार होती. एक, गोंद डुप्लिकेट. दोन, कमी लावला. तीन, पावसाने सुटला. मी पॉलिमरवर पीएचडी करते, चिकटणं आणि सुटणं हा माझा रोजचा विषय. त्यामुळे काकूंनी मला वर बोलावलं. "तू एवढं गोंदावरच शिकतेस ना गं, मग सांग, परत लावू की नको?"

प्रश्न एका ओळीचा, पण उत्तराला एक लेख लागतो. तो हा.

आधी फळीची पाठ बघा

चिकटवलेली वस्तू पडली की आपण नवीन गोंद आणायला धावतो. त्याआधी एक मिनिट थांबा. पडलेला तुकडा उलटा करा आणि गोंद कुठे राहिलाय ते बघा. प्रयोगशाळेतही आम्ही हेच करतो. काँक्रीटवर धातूची चकती चिकटवतो, ती यंत्राने ओढून काढतो आणि किती जोर लागला याच्याबरोबर 'तुटलं कुठे' हेसुद्धा नोंदवतो. तुटलेली जागा न लिहिता नुसता आकडा आणला तर गाइड वही परत देतात.

शक्यता चारच असतात.

१. गोंदाला लाकडाचे तंतू चिकटून आलेत. म्हणजे लाकूड फाटलं, जोड टिकला. जोड उत्तम होता, वजन जास्त होतं.

२. लाकडाची बाजू स्वच्छ आहे, गोंद सगळा भिंतीवर. म्हणजे गोंद लाकडाला नीट भिजवू शकला नाही. लाकडावर पॉलिश, तेल किंवा भुसा असणार. सागात मुळातच तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळे जुनी, हवा लागलेली सागवानी फळी घासल्याशिवाय चिकटवली की हे हमखास दिसतं.

३. दोन्हीकडे गोंद आहे, मधूनच फाटलाय. म्हणजे गोंद पुरता सुकला नव्हता, किंवा त्याच्या ताकदीपेक्षा ओढ जास्त होती.

४. गोंद फळीवर शाबूत आहे, आणि त्याच्यावर भिंतीचा एक थर चिकटून आलाय. म्हणजे गोंदाने त्याचं काम चोख केलं, भिंतीने सोडलं.

काकूंची फळी उलटी केली. मागच्या कडेवर गोंदाची अखंड पट्टी होती आणि तिच्यावर फिकट पिवळा रंग, खाली पांढरी पुट्टी, पापुद्र्यासारखी. चौथा प्रकार. गोंद अस्सल होता आणि भरपूर होता. तो फळीला धरून होता आणि रंगालाही धरून होता. रंग मात्र भिंतीला धरून नव्हता.

आपली 'काँक्रीटची भिंत' म्हणजे नक्की काय?

आपण म्हणतो काँक्रीटला चिकटवलं. पण फ्लॅटमधल्या कॉलमला तुमचा हात लागतो तेव्हा काँक्रीट आत कुठेतरी असतं. त्याच्यावर गिलावा, गिलाव्यावर पुट्टीचे एक-दोन हात, मग प्रायमर, मग रंग. घर जुनं असेल तर खाली चुन्याची सफेदी आणि डिस्टेंपरचे तीन-चार थर. ही साखळी आहे, आणि साखळी सर्वांत अशक्त कडीपाशी तुटते. तुम्ही कितीही महाग गोंद आणा, तो फक्त सर्वांत वरच्या कडीला धरतो.

आकडे बघू. घरबांधणीत सर्रास वापरलं जाणारं एम-२० काँक्रीट दाबाला चौरस मिलिमीटरला २० न्यूटन झेलतं. ओढीला मात्र ते फार कच्चं. साधारण दाबाच्या एक दशांश धरा, म्हणजे २ न्यूटनच्या आसपास. चांगला इपॉक्सी गोंद याच्या कितीतरी पट ओढ सहन करतो. म्हणजे नीट चिकटवलं तर गोंदाआधी काँक्रीट तुटायला हवं. गिलावा काँक्रीटपेक्षाही कच्चा. पुट्टी आणि डिस्टेंपर तर नखाने खरवडून निघतात. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा तेवढाही भरवसा नाही. काकूंच्या घरातलं 'पावसाने सुटला' हे मत अगदीच चूक नव्हतं. पाऊस फक्त गोंदाऐवजी पुट्टीला भोवला.

बरं, समजा रंग, पुट्टी, गिलावा काहीच नाही, उघडं काँक्रीट आहे. पार्किंगमधला कॉलम किंवा कोबा. तरीही एक अडचण उरते. काँक्रीट ओतून थापीने घोटलं की पाणी वर येतं आणि येताना सिमेंटची नि वाळूची बारीक भुकटी घेऊन येतं. वर एक पातळ थर वाळतो. मी त्याला सिमेंटची साय म्हणते. दिसायला गुळगुळीत, छान. ताकद मात्र दुधावरच्या सायीइतकीच. हात फिरवला की पांढरी पूड लागते ती हीच. गोंद लावण्याआधी ही साय तारेच्या ब्रशने किंवा जाड पॉलिश पेपरने काढायची आणि धूळ पुसून घ्यायची. खाली वाळूचे कण दिसायला लागले की थांबा.

घरच्या घरी करायच्या दोन चाचण्या सांगते. जागेवर खोकी बंद करायची टेप घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपवर पूड किंवा रंग आला तर तिथे काहीही चिकटवू नका. मग पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब मोत्यासारखे बसून राहिले तर वर रंग, तेल किंवा वॉटरप्रूफिंगचा थर आहे. मिनिटभरात पाणी आत शोषलं तर पृष्ठभाग गोंदासाठी तयार.

हळद, चुना आणि पांढरा गोंद

आता गोंदाकडे वळू. आपल्याकडे गोंद म्हटलं की पांढरा फेविकॉल. १९५९ पासून तो सुतारांच्या हातात आहे. त्याआधी सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला, दर वेळी गरम करून लावायचा. पांढऱ्या गोंदाने ती कटकट संपवली आणि लाकडाला लाकूड जोडण्यात तो आजही उत्तम आहे. मग तोच काँक्रीटला का नको?

याची दोन कारणं. पहिलं सोपं: हा गोंद पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिमरच्या बारीक कणांचा असतो. पाणी निघून गेलं की कण एकमेकांत मिसळून थर बनतो. काँक्रीट ओलं असेल तर पाणी निघायचं कुठे? थर नीट बनतच नाही.

दुसरं कारण रसायनाचं. सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर जी क्रिया होते तिच्यात चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. त्यामुळे ताजं काँक्रीट जोरदार अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ च्या वर. आपल्या जवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निघते तशी राख घातलेलं सिमेंट असेल तर राख त्यातला काही चुना वापरून टाकते, पण काँक्रीट अल्कधर्मीच राहतं. वर्षानुवर्षं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा अल्क वरच्या थरात कमी होत जातो.

पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. लांबलचक साखळी आणि तिच्यावर एस्टर जातीचे गट लटकलेले. आणि अल्क एस्टरला तोडतो. तेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करतात ना, तीच क्रिया. कारण तेलही एस्टरच. ओल्या काँक्रीटवर पांढऱ्या गोंदाचे हे गट हळूहळू तुटतात आणि उरतं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. ते पाण्यात विरघळतं! म्हणजे भिंत ओली, त्यात अल्क, आणि गोंदच पाण्यात जाणारा. एक-दोन पावसाळ्यांत जोड बुळबुळीत होतो.

तुमच्या काँक्रीटमध्ये अल्क शिल्लक आहे का, हे बघायला देवघरातलंच ज्ञान पुरतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. पारंपरिक कुंकू असंच करतात. टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, काँक्रीट थोडं ओलं करा आणि कागद त्याच्यावर दाबा. पिवळाच राहिला तर वरचा थर निवलाय. लालसर तपकिरी झाला तर अल्क जागा आहे, साधा पांढरा गोंद तिथे नको.

मग काय वापरायचं? बाजारात 'कन्स्ट्रक्शन अ‍ॅडेसिव्ह' या एका नावाखाली निरनिराळी रसायनं विकली जातात, म्हणून नळीची मागची बाजू वाचा. काही नळ्यांत पाण्यावर आधारलेला अ‍ॅक्रिलिक गोंद असतो. तो घरातल्या कोरड्या जागेत, हलक्या पट्ट्यांना ठीक. पॉलियुरेथेन आणि हायब्रिड पॉलिमर हे हवेतला ओलावा घेऊन पक्के होतात आणि पक्के झाल्यावरही रबरासारखे थोडे लवचीक राहतात. लाकूड आणि काँक्रीट या जोडीला माझी पसंती यांना. दोन नळ्या मिसळून लावायचा इपॉक्सी ताकदीला सर्वांत भारी, पण ताठ. हा ताठपणा इथे का नडतो, ते आता बघू.

लाकूड श्वास घेतं, काँक्रीट नाही

तुमच्या घराचा दरवाजा श्रावणात घासतो आणि एप्रिलमध्ये मोकळा फिरतो. कारण लाकूड हवेतली ओल शोषून फुगतं आणि कोरड्यात आकसतं. लांबीच्या दिशेने हे जवळपास शून्य, रुंदीच्या दिशेने भरपूर.

चिकटवण्याचं सर्वांत जुनं घरगुती उदाहरण घेऊ: उंबरा. फ्लॅटमध्ये दाराच्या तळाशी काँक्रीटवर किंवा कोब्यावर सागवानी उंबरा बसवतात. समजा तो १०० मिलिमीटर रुंद आहे. उन्हाळ्यात लाकडातली ओल ८ टक्के, पावसाळ्यात १५ टक्के. ओल एक टक्क्याने वाढली की साग, आडव्या कापाचा असेल तर, रुंदीला साधारण ०.२ टक्के फुगतो. सात टक्क्यांना झाले १.४ टक्के, म्हणजे १.४ मिलिमीटर. खालचं काँक्रीट मात्र जागच्या जागी. उंबरा मध्यावर स्थिर धरला तर प्रत्येक कड ०.७ मिलिमीटर सरकते.

आता गोंदाचा थर ०.२ मिलिमीटर जाड असेल, तर त्याला कडेला आपल्या जाडीच्या साडेतीनपट तिरकं व्हावं लागतं. इपॉक्सी काही टक्केसुद्धा तिरका होत नाही. तो तुटतो किंवा काँक्रीटची साय उपटून घेतो. तोच थर लवचीक गोंदाचा आणि २ मिलिमीटर जाड असेल, तर त्याला फक्त ३५ टक्के तिरकं व्हायचंय. रबरासारख्या गोंदाला हे रोजचं काम.

म्हणून आपली एक घट्ट समजूत इथे सोडून द्यावी लागते. लाकडाला लाकूड जोडताना गोंदाचा थर जितका पातळ आणि शिकंजा जितका घट्ट तितकं बरं. लाकडाला काँक्रीट जोडताना मात्र थोडी जाडी हवीच. दोन मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे तुकडे मध्ये ठेवले की दाबताना सगळा गोंद बाहेर येत नाही. गोंद सरसकट फासण्यापेक्षा बोटाएवढ्या अंतरावर समांतर रेघा ओढा. मधल्या फटींतून हवा जाते आणि ओलाव्यावर पक्का होणारा गोंद आतपर्यंत पक्का होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पॉलियुरेथेन वापरत असाल तर लाकडावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा.

ओढ कुठल्या दिशेने, आणि किती दिवस?

इथे काकूंच्या फळीची खरी गोष्ट येते. समजा त्यांनी रंग, पुट्टी सगळं खरवडून उघड्या काँक्रीटला फळी चिकटवली असती. मग चाललं असतं का?

हिशेब करू. फळी आणि सामान मिळून ५ किलो. वजनाचा मध्य भिंतीपासून १० सेंटिमीटर. फळीची चिकटलेली कड २ सेंटिमीटर उंच. फळी पुढे झुकू बघते, वरची कड भिंतीपासून सुटायला बघते. हे चमच्याने डब्याचं घट्ट झाकण उचकटण्यासारखं आहे: दांडा लांब, टेकू जवळ. हिशेबात ही तरफ साडेसातपट येते. म्हणजे ५ किलोच्या देवघराने वरच्या कडेला जवळपास ३७ किलोची ओढ लावली होती. तीही एकसारखी पसरलेली नाही, सर्वांत वरच्या रेषेवर सर्वांत जास्त. सोललं जाणं ही गोंदाची सर्वांत दुबळी बाजू. टेप सरळ ओढून तुटत नाही, पण कोपरा धरून सोलली की सहज निघते.

आणि ही ओढ चोवीस तास, चार महिने. गोंद म्हणजे पॉलिमर, आणि पॉलिमर कायमच्या ओढीखाली हळूहळू वाहतं. याला आम्ही क्रीप म्हणतो. आज शंभर किलो धरणारा जोड चाळीस किलोखाली वर्षभराने सुटू शकतो.

याची सर्वांत जड किंमत अमेरिकेत बोस्टन शहराने मोजली. तिथल्या एका नव्या बोगद्यात काँक्रीटचे जड पत्रे छताला टांगले होते. ते धरणारे पोलादी बोल्ट छतात भोकं पाडून इपॉक्सीने बसवलेले. १० जुलै २००६ च्या रात्री सुमारे २६ टन वजनाचा भाग एका मोटारीवर कोसळला आणि आतल्या महिलेचा मृत्यू झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी निष्कर्ष दिला: वापरलेला इपॉक्सी लवकर पक्का होणाऱ्या जातीचा होता आणि कायमच्या ओढीखाली हळूहळू ताणला जात होता. थोड्या वेळाच्या चाचणीत तो उत्तम टिकला होता. रोज, न थांबता ओढणारं वजन ही वेगळी परीक्षा आहे, आणि ती कोणी पुरती घेतली नव्हती.

इंजिनिअरांच्या हातून हे सुटलं, तर नळीवरच्या 'अमुक किलो धरतो' या आकड्यावर आपण किती विसंबायचं? तो आकडाही बहुधा थोड्या वेळाच्या, सरळ ओढीच्या चाचणीचा असतो.

मग काय चिकटवायचं, काय नाही?

नियम एकच लक्षात ठेवा: गोंद सुटला तर काय होईल?

उंबरा सुटला तर तो हलेल, पायाला लागेल आणि कळेल. त्याच्यावरचं वजन त्याला खालीच दाबतं. भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी सुटली तर फट दिसेल. भिंतीला सपाट लागलेली हलकी पट्टी खाली घसरू बघते, सोलली जात नाही. ही सगळी कामं गोंदाची. काँक्रीट किमान महिनाभर जुनं आणि कोरडं असू द्या. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. मग साय काढा, धूळ पुसा, लाकूड घासा, लवचीक गोंदाच्या रेघा ओढा आणि निदान एक पूर्ण दिवस टेकू किंवा वजन ठेवा.

पुढे आलेली फळी, डोक्यावरचं कपाट, जिन्याचा कठडा, टीव्ही, आजी-आजोबांनी धरून उठायची दांडी, आणि ज्याच्याखाली कोणी बसतं किंवा झोपतं असं काहीही: इथे गोंद एकटा नको. भोक, प्लग आणि स्क्रू. गोंद लावायचाच तर त्यांच्या जोडीला. स्क्रू सैल होतो तेव्हा बऱ्याचदा आधी डुगडुगतो, कुरकुरतो, सूचना देतो. गोंद शेवटच्या दिवसापर्यंत अगदी घट्ट वाटतो.

काकूंना मी हेच सांगितलं, अर्थात एवढं लांबण न लावता. फळीची पाठ दाखवली, डब्याचं झाकण चमच्याने उघडून दाखवलं. परत लावू नका म्हटलं. त्यांनी ती फळी घेऊन मालकांना दाखवली. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण चार भोकांची परवानगी मिळाली. घर सोडताना पुट्टीने बुजवून द्यायच्या अटीवर. आता फळीखाली दोन लोखंडी ब्रॅकेट आहेत. उरलेल्या अर्ध्या नळीने त्यांच्या मुलाने दाराचा हलणारा उंबरा बसवला. या वेळी खालचा कोबा आधी ब्रशने घासून घेतला.

नात पुन्हा त्याच जागी अभ्यासाला बसते.